मामाजी, तुमची चुंगडी आणि माझं धावणं

मामाजी,

तेरावं काल झालं. मांडव उतरला, भाड्यानं आणलेल्या सतरंज्या परत गेल्या, दारातला चपलांचा ढीग कमी होत होत घरच्या माणसांपुरता उरला. अंजनगावच्या आत्या तेवढ्या थांबल्या आहेत. तुमच्या थोरल्या बहीण, त्यांना कोण जा म्हणणार?

पेपरात तुमची बातमी आली. तुमच्या लेकानं, प्रशांतनं फोटो दिला तो बऱ्याच वर्षांपूर्वीचा, केस काळे असतानाचा. खाली 'संत्रा बागायतदार' आणि 'मनमिळाऊ स्वभावाचे'. मनमिळाऊ! ज्याच्याशी तुमचं एकदाही वाजलं नाही असा माणूस मोर्शीत कंदील घेऊन शोधावा लागेल. आईंनी ती बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "हे दुसऱ्याच कोनाचं लिहेल दिसते." मला हसू आलं. त्यांनाही आलं. घरात सुतक, आणि आम्ही सासू-सुना तोंडाला पदर-ओढणी लावून हसतोय, हे तुम्हाला कळवून ठेवते. तुम्ही असतात तर पहिले तुम्हीच हसला असतात.

त्या बातमीत तुमची चुंगडी नव्हती. सरकीच्या ढेपेचं रिकामं पोतं, तुमची ती चुंगडी, खांद्यावर टाकून, हातात बांबू घेऊन तुम्ही चार वर्षं रोज सकाळी सिंभोऱ्याच्या धरणाच्या रस्त्यानं माझ्या मागून आलात, त्यातलं एक अक्षर तिथे नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले. शिवाय आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. ज्याच्याशी भांडत होते तो माणूसच उठून गेला, आता उरलेलं भांडण मी कुणाशी करू?

आणि एक तिसरी गोष्ट आहे. घरात सध्या माझ्याबद्दल एक प्रश्न निघालाय. मामाजी गेले, आता सुनेनं सकाळी धावायला जायचं की नाही? आत्यांनी दहाव्या दिवशीच निकाल देऊन टाकला. "आता सूनबाईचं पयनं बंदच म्हना. भाऊ होता तवा गोठ अलग होती." आई तिथेच बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. येत्या रविवारी अमरावतीला माझी शर्यत आहे, दहा किलोमीटरची. तुम्हाला माहीतच आहे. त्या शर्यतीवरूनच तर आपलं वाजलं होतं.

पण सुरुवातीपासून सांगते. तुम्ही सगळं उलटं सांगत फिरायचात, म्हणून एकदा सरळ लिहिलेलं बरं.

मी अकोल्याची. शाळा-कॉलेजात आठशे मीटर धावायची. लग्न होऊन मोर्शीला आले तेव्हा भांडी दिली, कपाट दिलं, पण धावणं काही कुणी सामानात बांधून दिलं नाही. दुसऱ्या बाळंतपणात साखर वाढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज तासभर चालायचं. मी अंगणात चालू लागले. तुळशीपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून तुळशीपर्यंत, सहा महिने. शेवटी गाय मला पाहून तोंड फिरवायला लागली. मग एक दिवस पहाटे फाटक उघडलं, धरणाच्या रस्त्याला लागले आणि धावले. अंगात सलवार-कुर्ता, पायात नवऱ्याचे, प्रशांतचे जुने बूट. कितीतरी वर्षांनी छाती तशी भरून आली आणि मी वेड्यासारखी एकटीच हसत घरी आले.

अकरा वाजेपर्यंत तीन बाया आईंकडे चहाला येऊन गेल्या. तिसरी गेल्यावर आईंनी मला बोलावलं. "दोन लेकरं झाले अन् आता रस्त्यानं पयनं सुचते? मांगं काय कुत्रं लागलं होतं?" प्रशांत म्हणाला, "आई काय म्हणते ते बघ जरा," आणि गाडीला किक मारून वावरात निघून गेला. तुम्ही ओट्यावर बसून खर्रा घोटत होतात. प्लास्टिकच्या पन्नीतली तंबाखू-सुपारी तळहातावर रगडत राहिलात, वर पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, झालं. या घरात एक माणूस काही बोलेल असं वाटत होतं, तोही तोंडात खर्रा धरून गप्प.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला माझ्या खोलीचं दार वाजलं. तुम्ही. डोक्याला फडकं, खांद्यावर चुंगडी.

"चाल."

"कुठे?"

"पयाले. मी मांगून येतो."

फाटकाबाहेर आल्यावर तुम्ही चुंगडी माझ्या हातात दिलीत आणि काय ते समजावलंत. "बाई रिकाम्या हातानं चालली का लोक पायते. चुंगडी घेऊन चालली का समजते, कामाले चालली. कामाले जानाऱ्या बाईले कोनी काहून म्हनत नाई."

मी म्हटलं, "पण काम काय सांगायचं?"

तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खर्र्याच्या पन्न्या, पाण्याचे पाऊच, कुणाच्या लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळी, धरणावर पार्टी करून आलेल्यांच्या बाटल्या. "हे काय पडलं हाय," तुम्ही म्हणालात. "काम कमी हाय का?"

अशी आपली सुरुवात झाली. समाजसेवा वगैरे डोक्यात काहीच नव्हतं. सून धावावी म्हणून सासऱ्यानं कचरा शोधून काढला. पुढे मला मोबाइलवर दिसलं की धावता धावता कचरा वेचणारी माणसं जगभर आहेत, परदेशात त्यांचे गट आहेत, त्याला नावही आहे. मी तुम्हाला तो व्हिडिओ दाखवला. हातमोजे घातलेले गोरेपान लोक वाकून वाकून बाटल्या उचलत होते. तुम्ही चष्मा वर करून पाहिलंत आणि म्हणालात, "याईच्याबी घरी सासू असन."

आईंना हे मी अजून सांगितलेलं नाही.

तुमचे टोंगळे दुखायचे, गुडघ्यात वाकणं जमायचं नाही. म्हणून तुम्ही बांबूच्या टोकाला खिळा ठोकला. बहाराच्या वेळी संत्र्यांनी लदलेल्या फांद्यांना टेकू द्यायचे आपल्या बागेतले बांबू, त्यातलाच एक. मी पुढे रस्त्यावरच्या कडुनिंबापर्यंत धावत जायची, वाटेत हाताला येईल ते उचलायची, मागे वळून तुमच्यापाशी यायची, चुंगडीत टाकायची, पुन्हा पुढे. तुम्ही एक किलोमीटर चालेपर्यंत माझे तीन व्हायचे. हातात फवारणीचे हातमोजे. पहिला आठवडा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉलेजात पदकं घेतलेली मी, आणि माझ्या हातात कुणाची तरी उष्टी पत्रावळ. ओळखीचं कुणी दिसलं की मी बाटली पटकन टाकून द्यायची आणि तुम्ही ती शांतपणे खिळ्यानं पुन्हा उचलायचात.

मग तो तुमच्या गाठीचा दिवस आला. खर्रा खाऊन झाला की पन्नी फेकायच्या आधी तुम्ही तिला पीळ देऊन दोन गाठी मारायचात. अख्ख्या गावात तशी कुणी मारत नाही. चहाच्या टपरीमागे मला तशा दोन गाठींची पन्नी सापडली. मी ती तुमच्यासमोर धरली. तुम्ही हातात घेऊन नीट पाहिलीत, जणू पावतीवरची सही तपासताय. "माहीच हाय," म्हणालात. थोडं पुढे गेल्यावर, "हेबी माही." मग, "अन् हेबी." चाळीस वर्षं त्या रस्त्यानं तुम्ही वावरात जात होतात. त्या दिवशी परत येताना तुम्ही एकदम खाली मान घालून चाललात. दुसऱ्या दिवसापासून पन्न्या तुमच्या सदऱ्याच्या खिशात जमायला लागल्या आणि कपडे धुताना आई तुमच्या नावानं बोटं मोडायला लागल्या. खर्रा काही तुम्ही सोडला नाहीत. त्यावर आपलं भांडण झालं नाही, कारण ते तुमच्याशी कुणीच जिंकलं नसतं.

आणि शेवंताबाईंची भाकर. ती चूक माझी होती, पण तुम्ही ती शेवटपर्यंत "आमची" म्हणालात.

हिवाळ्याचे दिवस होते. एका संत्र्याच्या बागेच्या कुंपणाला लागून बाभळीच्या बुडाशी, दगडाखाली दाबलेली एक काळी पन्नी दिसली. मी उचलली. जड होती. वाटलं, लग्नातलं शिळंपाकं कुणीतरी टाकलंय. टाकली चुंगडीत, चुंगडी गेली नगरपालिकेच्या गाडीत. दुसऱ्या दिवशी त्याच बाभळीखाली एक बाई उभी. हातात विळा, पदर कमरेला खोचलेला.

"काल माही भाकर कोनं नेली?"

मी कडुनिंबाकडे पाहत होते, आता तिथपर्यंत जोरात धावत सुटावं की काय या विचारात. तुम्ही सरळ म्हणालात, "आमी."

"काहून? घरी खाले भेटत नाई का?"

ती निंदणाला यायची. कुत्र्यांनी ओढू नये म्हणून भाकर दगडाखाली ठेवायची. आदल्या दिवशी दुसऱ्या बायांच्या घासाघासावर तिनं दिवस काढला होता. तुम्ही तिच्यासमोर हात जोडलेत. मी तुम्हाला कधी कुणाला हात जोडताना पाहिलं नव्हतं, देवळातसुद्धा तुम्ही घाईतच असायचात. घरी येऊन तुम्ही आईंना सगळं सांगितलंत, स्वतःच्या अंगावर घेऊन. आपल्या या उद्योगाबद्दल तोवर नाक मुरडणाऱ्या आई ताडकन उठल्या. "अवं माय! निंदनाऱ्या बाईची भाकर नेली?" ज्वारीच्या भाकरी, मेथीची भाजी, ठेचा, सगळं करून डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "धावतच जा. भाकर गरम हाय तोवर पोचली पायजे."

मामाजी, आईंनी मला "धाव" म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. डबा सांडू नये एवढंच डोक्यात होतं.

शेवंताबाईंनी तिथेच बसून खाल्लं आणि निकाल दिला, "ठेचा मवाळ हाय." तुम्ही घरी येऊन तो आईंना शब्द न् शब्द ऐकवलात. आईंना राग आला तो असा की त्यानंतर कितीतरी दिवस घरात डोळ्यांतून पाणी येईल असाच ठेचा व्हायचा. तेव्हापासून आपला नियम झाला, पन्नी जड लागली की आधी सोडून पाहायची. त्या नियमानं पुढे आपल्याला एक पाकीट, कुणाची औषधं आणि एकदा कोवळ्या वांग्यांची रोपं सापडली. ज्याची त्याला पोचवायला तुम्ही मला घरोघर धावायला लावलंत. त्या फेऱ्यांना मात्र गावात कुणी हरकत घेतली नाही.

लोकांना आपली सवय झाली. टपरीवाला चिडवायचा, "बाप्पा, आज साफ केलं, सकाऊन पुन्हा तेच. कशाले कमर मोडता?" तुम्ही म्हणायचात, "तुही बायको रोज भांडे घासते. पुन्हा खरकटे होतेच ना? मंग काय जेवन सोडतं?" चहात साखर जास्त घालून तो बदला घ्यायचा. आणि एकदा मोटारसायकलवरून जाणारे एक गुरुजी थांबले. परगावचे असावेत. म्हणाले, "काका, तुम्ही आणि तुमची मुलगी फार चांगलं काम करता." मी तोंड उघडणार, एवढ्यात तुम्ही म्हणालात, "हाव." बस, तेवढा एक होकार. गुरुजी गेले. मी पुढे धावत सुटले, कडुनिंबाच्याही पलीकडे गेले, लवकर वळलेच नाही. बारावीत असताना माझे बाबा गेले, हे तुम्हाला माहीत होतं. परत आले तेव्हा तुम्ही एका बाटलीचं झाकण शोधण्यात फार गुंतला होतात. मला तो दिवस अजून तसाच्या तसा सुख देतो. मी तो जपून जपून आठवते.

आता भांडणाचं.

यंदा प्रशांतनंच शर्यतीत माझं नाव दिलं. हो, तोच प्रशांत. चार वर्षांत माणूस बदलतो. दहा किलोमीटर न थांबता धावायचं तर सराव तसाच हवा. मी अंगणात तुम्हाला सांगितलं, "मामाजी, आता महिनाभर मी वेचणार नाही. नुसती धावणार."

"मंग चुंगडी?"

"चुंगडी राहू द्या घरी."

"लोक इचारतीन."

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तुमच्यासारखाच आहे, आई म्हणतात तसा. मी भडकले. "विचारू द्या! चार वर्षं झाली. किती दिवस तुमच्या चुंगडीच्या आड लपून धावू? मला धावावंसं वाटतं म्हणून धावते, एवढं कारण पुरत नाही का?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. तुम्ही चुंगडी झटकायला लागलात. झटकून झाली तरी झटकत राहिलात. मग म्हणालात, "तुले वाट्टे मी तुह्यासाठी येचतो? पयले तुह्यासाठीच येचत होतो. आता माह्यासाठी येचतो. मले बरं वाट्टे." आणि चुंगडी घेऊन आत गेलात.

पुढे मला दोन-तीन चांगली उत्तरं सुचली, पण तोवर आपण दोघंही फुगून बसलो होतो. मी पाचला निघायची, हातात घड्याळ, कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन-येऊन दहा. तुम्ही साडेपाचला निघायचात. घरात सगळं नीट होतं. लेकरांच्या परीक्षेवर बोलायचो, बागेतल्या झाडांच्या डिंक्या रोगावर बोलायचो. रस्त्यावर बोलायचो नाही. तुमचं ते "मले बरं वाट्टे" माझ्या कानात घर करून होतं. एक माणूस आपल्यासाठी म्हणून एखादं काम हाती घेतो, त्यात त्याचा जीव रमतो, आणि आपण त्याला म्हणतो की मला आता तुमची गरज नाही. मी असंच काहीतरी केलं होतं. आणि तरी माझं म्हणणंही खोटं नव्हतं. आजही नाही. म्हणून तर हे भांडण मिटवायला तुम्ही पाहिजे होतात.

शेवटच्या सकाळी मी पुलावरून परत येत होते. शेवटचा किलोमीटर, वेळ चांगली पडत होती. तुम्ही रस्त्याच्या कडेला खिळ्याला अडकलेली पन्नी सोडवत होतात. मला पाहिलंत, बांबू डांबरावर आपटलात आणि ओरडलात, "पय पोरी! पय!" मी घड्याळाकडे पाहत होते. हात वर केला आणि तशीच पुढे गेले. त्याच दिवशी दुपारी जेवून तुम्ही आडवे झालात ते उठला नाहीत.

थांबले असते तर माझे वीस सेकंद गेले असते, एवढंच. पण थांबले असते तर तुम्हीच खेकसला असतात, "थांबली काहून?" हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून त्या वीस सेकंदांचं मी फार दुःख करत नाही. थोडं करते.

जे बोलायचं राहिलं ते आता बोलते. 'लपून' म्हणाले ते चुकलं. तुम्ही मला लपवलं नाहीत. सगळ्या गावाला दिसेल असे तुम्ही माझ्या मागे उभे राहिलात, तेही उष्ट्या पत्रावळी हातात घेऊन, या वयात, दुखऱ्या टोंगळ्यांवर. कुठल्या सासऱ्यानं हे केलंय? मी तुम्हाला एकदाही 'बरं केलंत' म्हटलं नाही. फार बरं केलंत, मामाजी. माझी साखर खाली आली, हे डॉक्टरीणबाईंना दिसलं. माझ्यात काय काय वर आलं ते तुमच्याशिवाय कुणाला दिसलं नसेल.

शेवंताबाई दहाव्या दिवशी आल्या होत्या. फाटकातच उभ्या राहिल्या, आत येईनात. आई बाहेर गेल्या. दोघींनी एकमेकींना आजवर पाहिलं नव्हतं, ओळख सगळी ठेच्यावरची. शेवंताबाई म्हणाल्या, "बुढाबाबा रोज 'जेवली का' म्हनून इचारत होते." आई म्हणाल्या, "मले तं कधी इचारलं नाई." आणि मग दोघी रडल्या. मी त्यांना तशाच राहू दिलं.

हे सगळं परवा लिहून ठेवलं होतं. वाटलं होतं, इथेच संपवावं. पण त्यानंतर दोन दिवसांत जे झालं ते तुम्हाला कळलंच पाहिजे.

काल दुपारी आत्या अंजनगावला निघायच्या तयारीत होत्या. चहा झाला. आई डाळ निवडत बसल्या होत्या. जाता जाता आत्यांनी पुन्हा विषय काढला, या वेळी सरळ आईंपाशी, मी समोर असताना. "सुमन, तू काई बोलत नाई म्हनून मी बोलतो. रविवारचं ते अमरावतीचं बंद कर. रोजचंबी बंद कर. भाऊ होता, लोक गप होते. आता सुनेच्या मांगं कोन जाईन?"

प्रशांत काहीतरी बोलायला पुढे सरकला. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मी आईंकडे पाहत होते. खरं सांगते, त्या 'बंद' म्हणाल्या असत्या तर मी ऐकलं असतं. पंधरा दिवसांच्या विधवेशी भांडायची हिंमत माझ्यात नव्हती.

आईंनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. वर न पाहता म्हणाल्या, "मांगं कोनी काहून लागते, बाई? तिले रस्ता मालूम हाय."

आत्यांनी पिशवी उचलली. प्रशांत त्यांना स्टँडवर सोडायला गेला. आई डाळ निवडत राहिल्या आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाण्याचा नळ सोडून उभी राहिले. खूप रडले, मामाजी. या पंधरा दिवसांत इतकी रडले नव्हते. बाहेर आले तर त्या म्हणाल्या, "तुहे बूट माळ्यावर हायेत. म्याच टाकले होते. लोकाईचे पाय लागून राहिले होते."

आज सकाळी गेले. पाचला. फाटकाबाहेर आल्यावर सवयीनं मागे पाहिलं, मग पुढे पाहिलं. पुलापर्यंत रिकाम्या हातानं धावले. पंधरा दिवसांची सुस्ती होती, पाय जड होते, तरी बरी धावले. तुमचा रस्ता मात्र लोकांनी पंधरा दिवसांत पहिल्यासारखा करून ठेवलाय. धरणावर कुणाचा तरी वाढदिवस झालेला दिसला. येताना राहवेना. चुंगडी घडी करून कमरेला बांधून नेली होती, ती सोडली. तुमचा बांबू मला उंच पडतो, म्हणून वाकून हातानंच वेचत आले. टपरीवाल्यानं लांबून पाहिलं आणि टपरीसमोरची पत्रावळ स्वतःच उचलून आणून दिली.

आणि हो, तुमच्या त्या वाक्याचं उत्तर. मलाही बरं वाटलं.

घरी आले तर आई फाटकात उभ्या. हातात तुमचं मनगटी घड्याळ, डोळ्यांजवळ धरलेलं. शर्यतीचं त्यांना सगळं माहीत होतं, आपलं भांडण त्यांनी आतून ऐकलंच होतं. माझा नेहमीचा वेळही त्यांना पाठ असेल, हे मात्र मला माहीत नव्हतं.

"पंधरा मिनिटं जास्त झाले," त्या म्हणाल्या.

"येताना वेचत आले, आई."

त्यांनी चुंगडी माझ्या खांद्यावरून उतरवून घेतली, आत काय आहे ते नाक धरून पाहिलं आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"रोज येच," म्हणाल्या. "पन रविवारी येचत बसू नको. तिथं आपन पयाले जाऊन राहिलो."

त्यांचं ते 'आपन' मी ऐकलं. हात धुतले आणि दोघींसाठी चहा टाकला.